आधी पाणी द्या

कळव्याच्या एक ताई लिहितात: “यांची दारू सुटून चौदा महिने झाले. व्यसनमुक्ती केंद्रात माइंडफुलनेस म्हणून एक ध्यानाचा प्रकार शिकले, आता रोज सकाळी गॅलरीत डोळे मिटून बसतात. मला तर सोंगच वाटतं. गेल्या महिन्यात पीएचडी करणाऱ्या एका मुलीने केंद्रात यांची मुलाखत घेतली. तिच्याशी दोन तास बोलले! घरी विचारलं तर ‘काही नाही, असंच.’ बारा वर्षं मी सोसलं आणि मन मोकळं झालं ते परक्या मुलीपुढे. मी काळजी घेण्यात कुठे कमी पडत नाही. जेवणखाण वेळेवर, ऐरोलीच्या कंपनीतून आले की दारातच तोंडाचा वास घेते, मगच आत घेते, पगार माझ्याकडे. त्या मुलीकडे रेकॉर्डिंग मागू का?”

ताई, मागू नका. मिळणार नाही आणि मिळायलाही नको. अशा मुलाखतीआधी संमतीपत्रावर सही घेतात. नाव गुप्त राहील, नको त्या प्रश्नाला उत्तर देऊ नका, वाटलं तर मध्येच उठून जा, असं त्यात असतं. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात. त्या भरवशावर माणूस बोलला.

मला टोचलं ते तुमचं दुसरंच वाक्य. जेवण आणि पगार यांच्या मध्ये तुम्ही ते सहज लिहून गेलात. अहो, शिफ्ट करून, जिने चढून आलेला माणूस रोज स्वतःच्या उंबरठ्यावर ‘आ’ करून उभा राहतो! समोरच्यांचं दार तेव्हा उघडं असतं की बंद? मुलं कुठे असतात? आणि हाच माणूस मनातलं सांगत नाही म्हणून तुम्ही रुसताय. त्या मुलीने फार काही केलं नसेल. प्रश्न विचारला असेल आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसली असेल.

चौदा महिन्यांत एकदा तरी वास आला का? आला असता तर पत्राची सुरुवातच तिथून झाली असती.

आता त्या सोंगाबद्दल. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुटलेलं व्यसन परत जडू नये म्हणून माइंडफुलनेसचा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम बांधला. तलफ आली की तिच्याशी झगडायचं नाही, तिच्या मागेही जायचं नाही. घसा कोरडा पडतोय, छाती धडधडतेय, ते नुसतं बघत, श्वास धरून न ठेवता सावकाश घेत थांबायचं. ती लाटेसारखी चढते आणि उतरते. सकाळी गॅलरीत चालते ती याची तालीम. याच मार्लॅटनी माणसं पुन्हा प्यायला का लागतात ते तपासलं, तेव्हा तीन कारणं ठळक निघाली: बिघडलेलं मन, जवळच्यांशी खटके आणि पिणाऱ्यांचा आग्रह. यातली पहिली दोन तुम्ही रोज संध्याकाळी दारात उभी करता.

तुमची भीती खोटी आहे असं म्हणत नाही. बारा वर्षांनी ती अंगात मुरणारच. पण तिचं औषध त्यांच्या तोंडात सापडणार नाही. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-ॲनॉनच्या सभा असतात, तिथे जाऊन बोला. दोन तास बोला की!

आणि आज बेल वाजली की दार उघडून बाजूला व्हा. आधी पाणी द्या. मुलाखतीचं काही विचारू नका. एवढी वर्षं जिन्यातल्या पावलांवरूनच तुम्हाला कळत होतं ना? प्यायले तर आताही कळेल.