वाचकांचे प्रश्न : घरच्या राज्याचा खेळाडू

प्रश्न : माझे धाकटे बंधू बऱ्याच वर्षांपासून अमेरिकेतील इंडियाना राज्यात राहतात. त्यांचा मुलगा शाळेच्या बास्केटबॉल संघात आहे आणि यंदा त्याची दहावी पूर्ण होईल. बंधूंचे म्हणणे असे की जूनपासून विद्यापीठांच्या प्रशिक्षकांचे फोन येऊ लागतील आणि तेथील विद्यापीठे आपल्याच राज्यातील मुलांकडे आधी पाहतात. नागपुरात आम्ही आधी टक्क्यांवर प्रवेश आणि मग मैदानावर निवड चाचणी, असा क्रम पाहिला आहे. विद्यापीठ शाळकरी मुलाच्या मागे का लागते, आणि त्यातही घरच्या राज्यातील मुलाच्या मागे का?
— एक काका, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : नागपुरातही मुलांना हेरले जाते, एवढे आधी नोंदवतो. जिल्हा किंवा विभागस्तरीय शालेय स्पर्धेत एखादा मुलगा चमकला की महाविद्यालयाचे शारीरिक शिक्षण संचालक त्याला बाजूला घेऊन ‘बारावीनंतर आमच्याकडेच ये, फीचे आम्ही पाहून घेऊ’ असे सांगतात, हे मैदानावर उभे राहिलेल्या प्रत्येकाने ऐकलेले आहे. मात्र आपल्याकडे विद्यापीठाचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांमधून निवडला जातो, तो पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळतो आणि खेळाडू ‘कलर होल्डर’, म्हणजे विद्यापीठाचा अधिकृत प्रतिनिधी, होतो. तो कोणत्या शाळेतून आला याची विद्यापीठाला फारशी फिकीर नसते. अमेरिकेत विद्यापीठाचा संघ हाच जणू त्या प्रदेशाचा संघ असतो. सामन्यांची तिकिटे विकली जातात, दूरचित्रवाणीचे करार होतात आणि प्रशिक्षकाची नोकरी निकालावर टिकते. त्यामुळे दोन वर्षांनी आपल्याकडे कोण खेळणार, याची काळजी त्याला आजच करावी लागते.

बंधूंनी सांगितलेला जून महिना नियमातूनच आला आहे. महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या ‘एनसीएए’ या संस्थेच्या सर्वोच्च गटात, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, पुरुषांच्या बास्केटबॉलसाठी प्रशिक्षकाला दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपासून मुलाला थेट फोन किंवा संदेश करता येतो. त्याआधी तो मुलाचा सामना पाहू शकतो, शिबिराची माहिती पाठवू शकतो. पण तुला आमच्या संघात घेतो अशी बोलणी तो स्वतःहून सुरू करू शकत नाही. वर्षाचेही भाग पाडलेले असतात आणि काही काळ तर मुलाला प्रत्यक्ष भेटण्यासच बंदी असते, त्यामुळे एखाद्या महिन्यात कोणी फिरकले नाही म्हणून पुतण्याने खट्टू होऊ नये.

घरच्या राज्याला मिळणाऱ्या पसंतीमागे अभिमान आहेच, पण हिशेबही आहे. राज्य सरकारच्या अनुदानावर चालणारी विद्यापीठे त्या राज्याच्या रहिवाशांकडून कमी फी घेतात. इंडियानातील पर्ड्यू विद्यापीठात रहिवासी विद्यार्थ्याची वार्षिक फी अनेक वर्षे ९,९९२ डॉलरवर गोठवलेली होती, तर बाहेरच्या राज्यातील विद्यार्थ्याला तिच्या जवळजवळ तिप्पट फी भरावी लागे. शिष्यवृत्तीचा भार क्रीडा विभागाच्या अंदाजपत्रकावर पडत असल्यामुळे राज्यातला खेळाडू स्वस्त पडतो. ज्याला शिष्यवृत्तीच मिळत नाही आणि जो स्वतःच्या खर्चाने शिकून संघात जागा मिळवतो, त्या ‘वॉक-ऑन’ खेळाडूला तर ही सवलत फारच मोलाची ठरते. शिवाय गाडीने दोन तासांत पोहोचता येत असेल, तर प्रशिक्षक एकाच मुलाला हंगामात अनेकदा पाहू शकतो आणि संघ हरत असताना तो कसा वागतो हेही त्याला दिसते. कापून जोडलेल्या चित्रफितीत ते कधीच दिसत नाही.

इंडियानात या खेळाचे वेड असे आहे की राज्यातील सर्वोत्तम शालेय खेळाडूला १९३९ पासून ‘मिस्टर बास्केटबॉल’ हा किताब दिला जातो. २०२२ चा मानकरी वेस्टफील्डचा ब्रेडन स्मिथ राज्यातच राहून पर्ड्यूकडे गेला आणि २०२४ मध्ये तो संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. पण त्याच संघाचा आधारस्तंभ, सात फुटांहून उंच झॅक ईडी, कॅनडातील टोरांटोचा होता. गरज पडली की प्रशिक्षक राज्याची सीमा सहज ओलांडतो, हे बंधूंनी लक्षात ठेवावे.

याच राज्यातील विख्यात बास्केटबॉलपटू लॅरी बर्डची हकिगत पुतण्याला जरूर सांगा. फ्रेंच लिक या लहानशा गावातला हा मुलगा १९७४ मध्ये राज्याच्या नामांकित इंडियाना विद्यापीठात गेला आणि एवढ्या मोठ्या परिसरात बुजून महिनाभरही न थांबता घरी परतला. काटोलचा मुलगा पुण्याला जाऊन पहिल्याच पंधरवड्यात बॅग भरून परत यावा, तसेच ते झाले. पुढच्या वर्षी तो राज्यातल्याच, पण कमी गाजलेल्या इंडियाना स्टेट विद्यापीठात दाखल झाला आणि १९७९ मध्ये त्या संघाला त्याने राष्ट्रीय अंतिम सामन्यात नेले. तेथे त्याला ज्या मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या संघाने हरवले, त्याचा नायक मॅजिक जॉन्सन हाही विद्यापीठाला लागून असलेल्या लान्सिंग शहरातच वाढलेला होता. माझ्या मते घरच्या राज्यातही कोणते विद्यापीठ, हा प्रश्न उरतोच, आणि तो प्रतिष्ठेवर सोडवू नये.

आता ‘ऑफर’ या शब्दाविषयी. प्रशिक्षकाने तोंडी दिलेली ऑफर आणि मुलाने तोंडी दिलेला होकार यांपैकी काहीही कोणावर बंधनकारक नसते. पूर्वी खेळाडू ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’ या पत्रावर सही करीत. ती पद्धत ऑक्टोबर २०२४ मध्ये रद्द झाली आणि आता आर्थिक साहाय्याच्या करारावर सही होते, तीही बारावीच्या वर्षातील नोव्हेंबरपासून. मधल्या काळात प्रशिक्षक बदलला तर ऑफर हवेत विरू शकते. याहून मोठी अडचण ‘ट्रान्सफर पोर्टल’ची आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या या व्यवस्थेतून एका विद्यापीठाचा खेळाडू दुसऱ्या विद्यापीठात जाऊ शकतो आणि आता त्यासाठी एक हंगाम बाहेर बसण्याची अटही राहिलेली नाही. त्यामुळे अनेक प्रशिक्षक अठरा वर्षांच्या नवख्या मुलापेक्षा बावीस वर्षांच्या तयार खेळाडूला पसंती देतात. पुरुषांच्या संघात २०२४-२५ पर्यंत तेरा शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध भरलेल्या खटल्यात जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर, तीत सामील झालेल्या विद्यापीठांना पंधरा खेळाडूंचा संघ ठेवता येतो. जागा थोड्या वाढल्या खऱ्या, पण त्या शाळकरी मुलांनाच मिळतील असे नाही.

प्रश्न : माझी मुलगी सोळा वर्षांची असून सतरा वर्षांखालील गटात राज्यस्तरावर खेळली आहे. एक सल्लागार अमेरिकेत पूर्ण शिष्यवृत्ती मिळवून देण्याची हमी देतात आणि मिळालेल्या शिष्यवृत्तीच्या दहा टक्के रक्कम मागतात. काय करावे?
— एक आई, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, या गृहस्थांना नम्रपणे नकार कळवा. खेळाडूची माहिती विद्यापीठांना पुरवणाऱ्या संस्थेने ठरावीक शुल्क घेणे एनसीएएला चालते. परंतु प्रवेश किंवा शिष्यवृत्ती मिळवून देण्याच्या बदल्यात मोबदला घेणारी व्यक्ती ‘एजंट’ मानली जाते आणि अशा व्यवहाराने मुलीची खेळण्याची पात्रताच धोक्यात येऊ शकते. शिवाय संघात कोणाला घ्यायचे हे प्रशिक्षक ठरवतो, म्हणून तिसऱ्याच्या हमीला काही अर्थ नसतो.

वाट मुळीच बंद नाही. पंजाबची हरसिमरन कौर सॅन डिएगो विद्यापीठाकडून आणि बंगळूरची संजना रमेश नॉर्दर्न अॅरिझोनाकडून खेळली आहे. तुम्ही आज करण्यासारखे काम गुणपत्रिकांचे आहे. तेथे नववी ते बारावी हे एकच सलग शिक्षण धरले जाते आणि डिव्हिजन वनसाठी त्या चार वर्षांत इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे अशा मुख्य विषयांचे सोळा अभ्यासक्रम व त्यांत चारपैकी किमान २.३ सरासरी गुणांक लागतो. आपल्याकडे अकरावीचे वर्ष ‘मोकळे’ समजून खेळाडू मुले वर्गाकडे फिरकत नाहीत. तुमच्या मुलीला ते परवडणार नाही. एनसीएएने पात्रतेसाठी ‘सॅट’ या प्रवेश परीक्षेची अट २०२३ मध्ये काढली असली, तरी एखादे विद्यापीठ ती किंवा इंग्रजीची परीक्षा मागू शकते. चित्रफीत पाठवाल तेव्हा केवळ बास्केटचे क्षण जोडून न पाठवता एका संपूर्ण सामन्याचे चित्रणही पाठवा. आणि एनसीएएच्या तिसऱ्या गटातील (डिव्हिजन थ्री) तसेच ‘आयव्ही लीग’ या नामांकित विद्यापीठांच्या गटातील विद्यापीठे खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत, हे यादी करतानाच ध्यानात घ्या.

प्रश्न : आमचा मुलगा इंडियानात काकांकडे राहून तेथील शाळेत शिकला, तर तो ‘त्या राज्याचा’ धरला जाईल का आणि त्याला कमी फी लागेल का?
— एक वडील, महाल, नागपूर

उत्तर : नाही. विद्यार्थी व्हिसावर आलेला मुलगा फीच्या हिशेबात साधारणतः बाहेरचाच राहतो, काकांचा पत्ता दिल्याने त्यात फरक पडत नाही. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सरकारी हायस्कूलमध्ये जास्तीत जास्त बारा महिने शिकता येते आणि त्याचा पूर्ण खर्च विद्यार्थ्याला स्वतः शाळेकडे भरावा लागतो. खासगी शाळेला ही मुदत नाही, पण तिची फी पाहून मगच काकांना फोन करा.