नेपल्सच्या पोटात उतरण्याआधी

पहिल्यांदाच जाताय ना, मग जुन्या शहरातल्या सान गाएतानो चौकातून निघणारी 'नापोली सोत्तेर्रानेआ'ची, म्हणजे जमिनीखालच्या नेपल्सची फेरी घ्या. इंग्रजी फेरीची वेळ मात्र आधी बघा. इटालियन गटात शिरलात तर निम्मं डोक्यावरून जाईल. शंभरावर पायऱ्या आहेत, गुडघे कुरकुरत असतील तर तिथे आधी विचारून घ्या. वर कितीही ऊन असो, सोबत जाकीट हवंच. साधारण ४० मीटर खाली हवा गार आणि दमट असते.

खरी परीक्षा अरुंद बोळाची. जेमतेम अर्धा मीटर रुंदी, हातात मिणमिणता उजेड, आणि खेकड्यासारखं आडवं सरकायचं. पाठीवरची सॅक तिथे हमखास अडकते, ती नेऊच नका. बंद जागेत जीव घाबरत असेल तर गाईडला आधीच सांगा, लाजू नका. पण जमत असेल तर हा भाग चुकवू नका, कारण पलीकडे पाण्याची टाकी आहे. प्राचीन काळी इथे वसलेल्या ग्रीकांनी घरं बांधायला इथला पिवळसर टफ, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला दगड काढला, पुढे त्याच पोकळ्यांत पाणी खेळवलं गेलं. भिंतीतल्या खोबणी नीट पाहा. त्यांत हातपाय रोवून विहिरी साफ करणारे वरखाली करायचे. १८८४च्या कॉलऱ्यानंतर हे पाणी बंद झालं, आणि दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांपासून वाचायला लोक इथेच येऊन राहिले.

भुताच्या गोष्टी गाईड सांगेलच, त्या मजेपुरत्या ऐका. दुसरा दिवस हाताशी असेल तर १८५३मध्ये इथला बुर्बोन घराण्याचा राजा फर्दिनांद दुसरा याने खोदायला लावलेला बुर्बोन बोगदाही करा. तिथे जप्त केलेल्या जुन्या गाड्या धूळ खात पडल्यात.