जुन्या लाकडी होडीचा तळ मध्ये खाली बसलाय. जॅकने वर घेऊन आतून नवे वाक (फळ्यांना आतून धरणाऱ्या आडव्या बरगड्या) ठोकले तर चालेल का?

चालेल, पण जॅक लगेच नको.

आधी तळ खरंच बसलाय का ते बघा. काही होड्यांचा पठाण (खालचा कणा) मुळातच थोडा बाकदार असतो. पठाणाच्या दोन्ही टोकांना खालून सारख्या जाडीचे ठोकळे लावून दोरी ताणा आणि मध्ये दोरी ते लाकूड अंतर मोजा. ठोकळ्याच्या जाडीपेक्षा ते जितकं कमी, तितका बाक. माझ्या होडीत 22 मिमी भरला. तो मुळातला नव्हता हे मला आत उतरल्यावर कळलं. इंजिनाखालचा काळा चिखल खरवडला तर ओळीने चार वाकांना पठाणाजवळच केसाएवढ्या चिरा. वरचा रंग मात्र शाबूत! जुना स्क्रू ड्रायव्हर टोचला की भिजल्या बिस्किटात शिरावा तसा आत. वर्षानुवर्षं होडी फक्त दोन टोकांना टेकवून ठेवलेली, त्यात मध्ये इंजिनाचं वजन. दुसरं काय होणार?

तेव्हा आधी इंजिन, टाक्या, सामान सगळं बाहेर. दोन्ही टोकांचे टेकू नीट पक्के करा. पठाणाखाली जाड लांब फळी घालून तिच्यावर जॅक लावा, एका बिंदूवर कधीच नाही. मोडलेल्या वाकांचे खिळे सैल करा, नाहीतर तेच तळाला खाली धरून ठेवतात. मग दिवसाआड जॅकचा पाव फेरा. लाकूड कुरकुरलं तर चालतं, पण कडाड आवाज आला की थांबा, एक घर मागे या. घाई केलीत तर फळ्यांचे सांधे उघडतात. मी तीन आठवडे घेतले आणि 7 मिमी उरल्यावर सोडून दिलं. अजून ताणलं असतं तर चांगल्या फळ्या चिरल्या असत्या.

जॅक तसाच ठेवून वाक बदला, पण एकाआड एक. सगळे एकदम काढलेत तर होडीचा आकारच जातो. जुना ठेवून शेजारी नवा जोडणार असाल तर दोघांत बोटभर फट सोडा. चिकटून बसवले की मध्ये पाणी साचतं आणि नवाही कुजतो. खिळे-स्क्रू सिलिकॉन ब्रॉन्झचे (तांब्याचा एक मिश्रधातू) घ्या. ओल्या, हवाबंद लाकडात स्टेनलेसलाही खड्डे पडतात, आणि ते दिसत नाहीत.

बाहेरून लांबी (पुट्टी) भरून तळ 'सरळ' करून देणारे भेटतील. ती रंगरंगोटी झाली.

पाण्यात सोडल्यावर पहिले एक-दोन दिवस सांध्यांतून पाणी येईलच, फळ्या फुगेपर्यंत. म्हणून कोरड्या होडीचे सांधे ठासून भरू नका, फुगलेल्या फळ्या नव्या वाकांनाच रेटतील. पंप मात्र चालू ठेवा.