एकाच क्रूझ कंपनीला धरून राहावं की दुसऱ्या कंपन्याही करून बघाव्यात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघं सांगलीचे, वय साठीच्या आसपास. सिंगापूरहून रॉयल कॅरिबियनच्या तीन सहली झाल्या आहेत, दोन चार रात्रींच्या आणि एक तीन रात्रींची. एजंट म्हणतो, "हीच कंपनी धरा, मेंबरशिप वर चढेल." सूनबाई म्हणतात, यंदा एमएससी या दुसऱ्या क्रूझ कंपनीनं भूमध्य समुद्रात सात रात्री करा.

सूनबाईंचं ऐका. एजंट खोटं बोलत नाही, मेंबरशिप चढतेच. पण किती चढते आणि हातात काय पडतं, हा हिशेब त्यानं तुम्हाला मांडून दाखवलेला दिसत नाही. तो असा.

रॉयलच्या 'क्राउन अँड अँकर' योजनेत साध्या केबिनला एका रात्रीला एक पॉइंट. म्हणजे तुमचे प्रत्येकी ११ झाले. ३ पॉइंटला गोल्ड, ३० ला प्लॅटिनम, ५५ ला एमराल्ड, ८० ला डायमंड, १७५ ला डायमंड प्लस आणि ७०० ला पिनॅकल. तुम्ही आज गोल्ड आहात, म्हणजे जो कोणी एक छोटी सहल करून आलाय तोही आहे तिथंच. प्लॅटिनमला अजून १९ रात्री हव्यात, चार रात्रींच्या पाच सहली. डायमंडला ६९ रात्री. चार रात्रींच्या धरल्या तर अठरा सहली, सात रात्रींच्या धरल्या तर दहा. वर्षाला एक सहल धरली तर सत्तरी गाठेपर्यंत दुसरीकडे बघायचंच नाही, असा त्याचा अर्थ.

बरं, मिळतं काय? डायमंडच्या खालचे फायदे किरकोळ आहेत. काही सवलतींची कूपनं, प्लॅटिनमला केबिनमध्ये वापरायला झगा, एमराल्डला स्वागताचं पाणी आणि खाऊ. खरा फरक डायमंडपासून पडतो, तिथं रोज माणशी पेयांची चार व्हाउचर मिळतात. सात रात्रींत दोघांची छप्पन्न. घेणाऱ्यांसाठी ही मोठी रक्कम आहे. तुमच्याकडे कोणी घेत नसेल, तर ज्या फायद्यासाठी दहा वर्षं एका कंपनीत काढायची त्याचा मोठा भाग ज्यूस आणि कोल्ड्रिंकवरच जाणार.

हा हिशेब कुणाच्या बाबतीत उलटा पडतो तेही बघा. सुइटमध्ये राहणाऱ्याला रात्रीला दोन पॉइंट मिळतात. एकट्यानं केबिन घेऊन जवळपास दोघांचं भाडं भरणाऱ्यालाही दुप्पट मिळतात. वर्षाला दोन-तीन मोठ्या सहली करणारी मंडळी, किंवा लहान मुलांना घेऊन जाणारे आईवडील (मुलांना आईवडिलांचा दर्जा मिळतो), यांनी एक कंपनी धरली तर त्यात शहाणपण आहे. इतरांसाठी नाही.

मधला रस्ताही आहे, आणि तो बहुतेकांना माहीतच नसतो. कंपनीला नाही, गटाला धरायचं. रॉयल कॅरिबियन, सेलिब्रिटी आणि सिल्व्हरसी हे एकाच गटाचे तीन ब्रँड, आणि २०२४ पासून एकातला दर्जा दुसऱ्यात ग्राह्य धरतात. म्हणजे उद्या रॉयलचा गोंगाट नको वाटला आणि सेलिब्रिटीसारखं शांत, मोठ्यांचं वातावरण असलेलं जहाज घ्यावंसं वाटलं, तर शून्यापासून सुरुवात होत नाही. एमएससी या गटात नाही. पण दुसऱ्या क्रूझ कंपनीतला किंवा हॉटेलातला दर्जा दाखवला की तिच्या 'व्हॉयेजर्स क्लब'मध्ये त्याच्या तोडीचा दर्जा देण्याची सोय तिनं ठेवली आहे. ती एकदाच वापरता येते, त्यामुळे अर्ज बुकिंगच्या आधी करून घ्यावा.

आता निष्ठेबद्दल एक गोष्ट. पिढ्यान्‌पिढ्या एकाच सराफाकडे जाण्यात अर्थ असतो, कारण दुकान तिथंच असतं आणि तोलही तोच. जहाजांचं तसं नाही. मुंबईचाच इतिहास बघा. २०१८ मध्ये मुंबई-गोवा 'आंग्रिया' सुरू झाली, टिकली नाही. २०१९ मध्ये जलेश क्रूझेसचं 'कर्णिका' आलं. २०२० मध्ये कंपनी बंद पडली आणि जहाज अलंगला तोडायला गेलं. स्टार आणि ड्रीम क्रूझेस चालवणारी गेंटिंग हाँगकाँग २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेली. अशा वेळी साठलेल्या पॉइंटांचं काय होतं, हे वेगळं सांगायला नको. आणि कंपनी धडधाकट असली तरी नियम तिच्या हातात असतात. कार्निव्हल या अमेरिकी क्रूझ कंपनीनं २०२५ मध्ये जाहीर केलं की जून २०२६ पासून त्यांच्याकडे दर्जा रात्रींवर ठरणार नाही, खर्चावर ठरेल. आज ३० ला प्लॅटिनम आहे म्हणून दहा वर्षांनी ३० लाच असेल, हे कोणी लिहून दिलेलं नाही.

जहाजंही हात बदलतात. कॉर्डेलियाचं मुंबईहून सुटणारं 'एम्प्रेस' हे मुळात रॉयल कॅरिबियनचंच. १९९० साली 'नॉर्डिक एम्प्रेस' म्हणून पाण्यात उतरलं, पुढे 'एम्प्रेस ऑफ द सीज' झालं, मध्ये काही वर्षं स्पेनच्या पुलमांटुरकडे होतं, परत रॉयलकडे आलं आणि मग २०२१ मध्ये कॉर्डेलियाच्या नावानं मुंबईला. त्याचं आकारमान सुमारे ४८,५०० टन. तुम्ही सिंगापूरहून केलेली सहल 'स्पेक्ट्रम ऑफ द सीज'वर असेल, तर ते २०१९ चं, जवळपास १,६९,००० टनांचं. एकाच कंपनीच्या दोन जहाजांत एवढं अंतर. तेव्हा "रॉयल चांगली की एमएससी" हा प्रश्नच थोडा चुकतो. जहाज कोणतं, किती साली बांधलं, शेवटचं नूतनीकरण कधी झालं आणि कोणत्या बंदरांना जातं, हे आधी विचारा. माझ्या लेखी क्रम असा: मार्ग, जहाज, केबिनची जागा, तारीख आणि सगळ्यात शेवटी कंपनी.

आता एमएससीकडे वळताना काय वेगळं वाटेल ते सांगतो, कारण पहिल्यांदा कंपनी बदलणारे नेमके इथं हिरमुसतात आणि "आपली जुनीच बरी" म्हणत परत येतात.

सिंगापूरला सगळे एकाच दिवशी चढतात आणि एकाच दिवशी उतरतात. पश्चिम भूमध्य समुद्रात एमएससी आणि कोस्टा या इटालियन कंपनीच्या बऱ्याच फेऱ्यांत बार्सिलोना, मार्सेय, जेनोआ, चिविताव्हेकिया अशा प्रत्येक बंदरात थोडे प्रवासी चढतात, थोडे उतरतात. जहाज गोल फिरणाऱ्या एसटीसारखं चालतं. त्यामुळे स्वागताचा एकच मोठा कार्यक्रम नसतो, सूचना पाच-पाच भाषांत होतात, आणि स्वागतकक्षापुढची रांग कधी संपत नाही. फायदा असा की विमानाचं तिकीट जिथलं स्वस्त, तिथून चढता येतं.

पाणी. रॉयलवर जेवणाच्या टेबलावर ग्लासात पाणी आपोआप येतं. युरोपातल्या एमएससीवर रेस्टॉरंटमध्ये बाटली येते आणि तिचे पैसे लागतात. फुकट पाणी बुफेच्या नळावर. आपल्या माणसाला हे फार लागतं, रकमेपेक्षा तत्त्व म्हणून. पाण्याच्या बाटल्यांचं पॅकेज आधी घेतलं की रोजची चिडचिड वाचते.

जेवणाची वेळ युरोपी, रात्री उशिराची. सगळ्यात स्वस्त 'बेला' भाड्यात जेवणाची वेळ आणि केबिनची जागा कंपनी ठरवते. मधुमेह असेल, औषधं वेळेवर घ्यायची असतील, तर थोडे जास्त देऊन 'फँटास्टिका' घ्या आणि लवकरची पंगत मागा. शाकाहारी जेवण मिळतं, पण सिंगापूरच्या जहाजांवर रोज जशी डाळ-भाजी दिसते तशी अपेक्षा ठेवू नका. पास्ता, चीज, भाज्या, पाव असा तो शाकाहार असतो. जैन जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच लेखी कळवावं लागतं. चढल्यावर सांगून काही होत नाही, कारण सामान बंदरातूनच भरलेलं असतं.

घरचं शिजवलेलं किंवा घरी बांधलेलं खाणं जहाजावर चढू देत नाहीत. दुकानातलं सीलबंद भडंग बहुतेक चालून जातं. बंदरावर उतरताना मात्र खाण्याची पिशवी खाली नेऊ नका, ते त्या देशाच्या नियमांत अडकतं. चहाची विजेची किटली, इस्त्री आणि सर्ज-प्रोटेक्टर असलेला एक्स्टेंशन बोर्ड हे तीनही सामान तपासताना काढून घेतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. आगीचा धोका हे कारण, त्यामुळे विनवण्या करून उपयोग नाही.

बंदरांची नावं वाचून फसू नका. 'रोम' लिहिलेलं असतं, पण जहाज चिविताव्हेकियाला लागतं आणि तिथून रोम आगगाडीनं तासाभरावर आहे. हातात आठ-नऊ तास असतील तर येण्याजाण्यात तीन जातात. कोलोसियम आणि व्हॅटिकन एका दिवसात करण्याच्या फंदात पडू नका, एकच निवडा. स्वतःच्या हिंमतीवर गेलात तर जहाज सुटण्याच्या किमान दोन तास आधी परत या. कंपनीच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज थांबतं, तुमच्या टॅक्सीसाठी थांबत नाही.

केबिनबद्दल एवढंच की भूमध्य समुद्रात रोज बंदर असतं, बाल्कनीत बसायला वेळ कमी मिळतो. पैसे वाचवायचे असतील तर इथं बाल्कनी सोडा. जहाज लागत असेल तर मधल्या भागातली आणि शक्य तितक्या खालच्या डेकवरची केबिन घ्या, तिथं डोलणं सगळ्यात कमी जाणवतं. 'गॅरंटी' केबिन स्वस्त पडते, पण जागा कंपनी देईल ती.

भाड्याची तुलना करताना दोन्हीकडे सारख्याच गोष्टी मोजा. मूळ भाडं, बंदर कर, टिप, पाणी आणि पेयं, वायफाय, विमान, व्हिसा, विमा. टिप ही बहुतेक वेळा जाहिरातीच्या आकड्यात नसते. रॉयलवर साध्या केबिनला माणशी रात्रीला १८ डॉलरच्या आसपास धरा, म्हणजे दोघांचे सात रात्रींचे सुमारे अडीचशे डॉलर. रॉयलवर दारूचं पॅकेज एकानं घेतलं की त्याच केबिनमधल्या दुसऱ्या प्रौढालाही घ्यावं लागतं, हेही आधीच लक्षात ठेवा. एजंटाकडून पॅकेज घेतलं तर टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो. तो गेला असं नाही, विवरणपत्र भरताना तो करात वळता होतो, फक्त प्रमाणपत्र मागून घ्या.

व्हिसा हा या सहलीचा सगळ्यात किचकट भाग. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बहुतेक देशांना चालणारा एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, शुल्क ९० युरो, आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. अर्ज जिथं जास्त रात्री त्या देशाकडे करायचा; रात्री सारख्या असतील तर जिथं पहिल्यांदा प्रवेश करणार त्या देशाकडे. मार्गात तुर्कस्तानासारखं शेंगेनबाहेरचं बंदर असेल तर एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा मागा, कारण तिथून परत येताना तुम्ही पुन्हा प्रवेश करता. हे लिहायचं राहिलं तर चढायलाच देत नाहीत. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, सांगलीत बसून ते होत नाही. पासपोर्टची मुदत परत येण्याच्या तारखेपासून पुढे सहा महिने तरी असू द्या.

जुन्या कंपनीतले पॉइंट मात्र सोडू नका. आपल्याकडे नावाचा घोळ हमखास होतो. एका बुकिंगला नुसतं नाव-आडनाव, दुसऱ्याला मधलं नवऱ्याचं नावही, आणि एजंट प्रत्येक वेळी नवीन ई-मेल टाकतो. मग एकाच बाईंच्या नावावर तीन खाती तयार होतात आणि अकरा रात्री तीन-चार-चार अशा विखुरतात. तुमच्या दोघांचे पॉइंट खरोखर ११ दिसतात का, हे आजच कंपनीच्या ॲपवर स्वतः लॉगिन करून बघा. कमी दिसले तर जुन्या बुकिंगचे क्रमांक देऊन खाती एकत्र करायला सांगा. यापुढे पासपोर्टवर आहे तसंच नाव, आणि ई-मेल तुमचा स्वतःचा, एजंटाचा नाही.

जहाजावरच पुढच्या सहलीचं बुकिंग करायला लावणारं एक टेबल असतं. त्यात तथ्य आहे: डिपॉझिट कमी लागतं आणि जहाजावर खर्चायला थोडे डॉलर मिळतात. पण डिपॉझिट परत मिळणारं आहे का, तारीख बदलता येते का, आणि हे बुकिंग नंतर आपल्या एजंटाकडे देता येतं का, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय सही करू नका. शेवटच्या रात्रीच्या गर्दीत तर मुळीच नको. आणि एकदा बुकिंग झालं की शेवटचा हप्ता भरेपर्यंत दर महिन्याला भाडं बघत राहा. कमी झालं तर नवा दर मागता येतो, हप्ता भरल्यावर नाही.

युरोपच्या फेरीत जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशी त्या शहरात पोहोचा. विमान चुकलं तर जहाज पुढच्या बंदराला जाऊन गाठण्याचा खर्च तुमचा. म्हणजे सांगलीहून तीन दिवस आधी निघणं आलं: रात्रीची महालक्ष्मी, सकाळी मुंबई, एक दिवस मोकळा, मग विमान. तो मोकळा दिवस वायफळ वाटतो, पण घाटात गाडी अडकली किंवा पावसात रेल्वे थांबली तर तोच कामी येतो.