'प्रेस' या एकाच इंग्रजी शब्दाचे इतके अर्थ कसे? आणि नाशिकमध्ये 'प्रेसमध्ये आहे' म्हणजे नेमकं कुठे?

आधी तुमच्या घरमालकांचं बघू. 'आमचे जावई प्रेसमध्ये आहेत' असं ते म्हणाले, तुम्ही 'कुठल्या पेपरला?' असं विचारलंत आणि ते नुसते हसले, असं तुम्ही लिहिलंय. नाशिकरोडला नवीन आलेल्या माणसाचं हे होतंच. जेलरोड, नेहरूनगर, उपनगर या पट्ट्यात प्रेस म्हणजे नोटांची प्रेस, नाहीतर तिच्या जोडीची स्टॅम्पची प्रेस. स्टॅम्पची आधी आली, १९२५ साली. तोवर आपली टपाल तिकिटं लंडनहून छापून यायची. नोटांची १९२८ मध्ये सुरू झाली आणि पाच रुपयांची नोट इथे छापली जाऊ लागली. 'भारत प्रतिभूति मुद्रणालय' आणि 'चलार्थ पत्र मुद्रणालय' ही नावं पाटीवर राहतात, बोलण्यात दोन्ही प्रेसच. स्थळ सांगताना 'मुलगा प्रेसमध्ये आहे' एवढं म्हटलं की पगाराचं वेगळं विचारावं लागत नसे.

त्यात नाशिकच्याच गांधीनगरला भारत सरकारची आणखी एक प्रेस आहे, सरकारी कागदपत्रांच्या छपाईची. २०१७ मध्ये केंद्राने देशभरातले असे सतरा छापखाने एकत्र करून पाचच ठेवायचं ठरवलं, त्या पाचांत नाशिक आहे. तेव्हा पुढच्या वेळी 'कोणती प्रेस?' एवढंच विचारा. लगेच नाशिककर व्हाल.

आता मुख्य प्रश्न. मुलीच्या पुस्तकात प्रेस म्हणजे दाबणे, बातमीत पत्रकार, कोपऱ्यावरच्या टपरीवर इस्त्री, आणि इंग्रजी लोक एका शब्दावर इतकं ओझं का टाकतात, असं तुम्ही विचारलंय. माझं पोट छपाईच्या धंद्यावर चालतं, त्यामुळे या शब्दाशी रोजचीच गाठ. मला विचाराल तर अर्थ फारसे नाहीतच. काम एकच आहे, दाबायचं. काय दाबलं आणि त्यातून काय निघालं, यावरून नावं पडत गेली. (एक अर्थ मात्र बाहेरून घुसलेला आहे. नेमकं त्यावरच तुमच्या मुलीच्या परीक्षेतलं वाक्य आहे, त्याकडे शेवटी येतो.)

लॅटिनमध्ये 'प्रेमेरे' म्हणजे दाबणे. त्याचंच हे कुळ. युरोपात दाबायची मोठी वस्तू म्हणजे द्राक्षं आणि ऑलिव्ह, म्हणून प्रेस हे यंत्राचं नाव म्हणून आधी त्या घाण्याला लागलं. हे बघायला तुम्हाला युरोपात जायला नको, गंगापूर किंवा दिंडोरीकडच्या एखाद्या वायनरीत हंगामात चक्कर मारा. तिथे आडव्या पडलेल्या स्टीलच्या मोठ्या पिंपाला प्रेसच म्हणतात. आत एक पडदा असतो, त्यात हवा भरली की तो फुगतो आणि द्राक्षं पिंपाच्या जाळीदार भिंतीला हळूहळू दाबली जातात. रस खाली, चोथा आत. दाब हळू द्यावा लागतो, कारण बी फुटलं तर रसाला कडवटपणा येतो. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षं आधी दाबतात आणि मग नुसता रस आंबवतात. लाल वाइनला सालींसकट आंबवतात आणि दाबायचं काम नंतर.

पंधराव्या शतकाच्या मध्यावर जर्मनीतल्या माइन्झ गावी गुटेनबर्गने जे यंत्र उभं केलं, ते याच घाण्याच्या स्क्रूवर. माइन्झ हा द्राक्षांचाच मुलूख. मळा, लाकडी चौकट आणि मोठा स्क्रू हे तिथल्या लोकांच्या रोजच्या ओळखीचं. द्राक्षांच्या जागी शाई लावलेले खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, आणि वर कागद, दांडा ओढून स्क्रू पिळला की अक्षर उमटलं. यंत्र बदललं तरी नाव तेच राहिलं.

छापणं म्हणजे दाबणं, हे हल्लीच्या पोरांना पटत नाही. ऑफसेटवर, म्हणजे हल्लीच्या नेहमीच्या छपाईत, ते दिसतच नाही. प्लेटवरची शाई आधी रबरी ब्लँकेटवर जाते आणि ब्लँकेटवरून कागदावर, कागद सपाट तो सपाटच. पण एखादी जुनी, ट्रेडलवर म्हणजे पायाने चालवायच्या मशीनवर छापलेली लग्नपत्रिका घरात असेल तर शोधून काढा. पत्रिका उलटी करून पाठीमागून बोट फिरवा. 'श्री गजानन प्रसन्न' उठावदार लागेल. कंपोझिटर एकेक खिळा जुळवायचा, फर्मा म्हणजे त्या खिळ्यांची चौकट आवळायचा, मग मशीनवाला एका हाताने कोरा कागद लावायचा आणि दुसऱ्याने छापलेला काढायचा, पाय खाली चालूच. फर्मा कागदावर आदळला की हा उठाव येई. दाब जास्त झाला की बारीक टाइप कागद फाडायचा, कमी झाला की वेलांटी उमटायचीच नाही.

नोटेवर उलटं. खिशातली पाचशेची काढा आणि गांधीजींच्या चित्रावरून किंवा अशोकस्तंभावरून अंगठा फिरवा. खरखर लागते. कोरलेल्या धातूच्या प्लेटच्या खाचांत शाई भरतात आणि कागद प्रचंड दाबाने त्यात रुतवतात, म्हणून शाई कागदाच्या वर उभी राहते. डाव्या-उजव्या कडेच्या तिरक्या रेषाही तशाच उठावाच्या. पाचशेवर पाच, शंभरवर चार, ज्यांना दिसत नाही त्यांना बोटाने नोट ओळखता यावी म्हणून. इथे 'प्रेस' हा शब्द अक्षरशः खरा आहे.

यंत्रावरून मग धंद्याला प्रेस म्हणू लागले, धंद्यावरून वर्तमानपत्रांना, वर्तमानपत्रांवरून ती लिहिणाऱ्यांना. इंग्रजीत 'अ प्रेस' म्हटलं की बहुधा यंत्र किंवा छापखाना, 'द प्रेस' म्हटलं की बहुधा वृत्तपत्रसृष्टी. मुलीला एवढी खूण सांगून ठेवा, निम्मं काम होईल. पूर्वी हे दोन अर्थ वेगळे काढणंही अवघड होतं. १८७८ चा, व्हॉइसरॉय लॉर्ड लिटनचा देशी वृत्तपत्र कायदाच बघा. सरकारविरुद्ध लिहिलं तर आधी अनामत जप्त आणि पुन्हा लिहिलं तर छपाईचं यंत्रच जप्त. लोखंडी प्रेस उचलून नेली की दुसरी प्रेस आपोआप गप्प.

मराठीने हा शब्द घेतला तो आपल्या पद्धतीने. आपल्याकडे अर्थ कोणत्या वस्तूबद्दल बोलतोय त्यावर आणि पुढच्या क्रियापदावर ठरतो. शर्ट 'प्रेसला दिला' म्हणजे इस्त्रीला, पण पत्रिका 'प्रेसला दिली' म्हणजे छापायला. मंत्र्यांनी 'प्रेस घेतली' म्हणजे पत्रकार परिषद. बेल 'प्रेस केली' म्हणजे दाबली. नाशिकपुरता आणखी एक गमतीचा भाग: 'प्रेस नोट' म्हणजे पेपरला पाठवायचं निवेदन आणि 'नोट प्रेस' म्हणजे नोटांचा कारखाना. रिक्षावाल्याला चुकून पहिलं सांगितलंत तरी तो बरोबर दुसरीकडे नेईल.

आणि आपण इंग्रजांना हसायचं कारण नाही. आपला 'छाप' बघा. छापखाना त्यातलाच, मुलाखतीत छाप पाडतात, नाणं उडवताना छापा की काटा विचारतात, आणि पोलिसांचा छापाही पडतो. इंग्रजीत 'इम्प्रेशन' म्हणजे छपाईतला ठसाही आणि मनावरचा ठसाही. दोन्हीकडची डोकी सारखीच चालली.

उरलेले अर्थ पटकन. 'प्रेसिंग' काम म्हणजे निकडीचं, ज्याचा दबाव आहे असं. 'प्रेस फॉर' म्हणजे मागणी लावून धरणे. 'प्रेस ऑन' म्हणजे रेटत राहणे. 'प्रेस चार्जेस' हे इंग्रजी मालिकांत फार ऐकू येतं, म्हणजे फौजदारी कारवाईचा आग्रह धरणे. जुन्या इंग्रजीत गर्दीलाही प्रेस म्हणतात, सिंहस्थात पर्वणीला रामकुंडाच्या वाटेवर जी रेटारेटी असते ती. जिममधला बेंच प्रेस तुम्हाला माहीत असेल. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये प्रेस म्हणजे भिंतीतलं कपाट, आणि आयरिश घरातलं 'हॉट प्रेस' म्हणजे कपडे ऊबदार ठेवायचं कपाट, इस्त्री नव्हे. मुलगी तिकडे शिकायला गेली तर उपयोगी पडेल, एरवी सोडून द्या.

आता तो घुसखोर. परीक्षेतलं वाक्य तुम्ही असं दिलंय की त्या माणसांना आरमारात 'प्रेस' करण्यात आलं, आणि मुलीने 'दाबण्यात आलं' लिहिलं म्हणून गुण गेले. तिचा तर्क चुकीचा नव्हता, पण हा प्रेस त्या कुळातला नाही. जुन्या फ्रेंचमध्ये 'प्रेस्त' म्हणजे उसने किंवा आगाऊ दिलेले पैसे. सैन्यात किंवा आरमारात भरती होणाऱ्याच्या हातावर अशी रक्कम टेकवत. आपल्याकडे ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल घेतात ना, त्यातलाच प्रकार. उचल घेतली की माणूस बांधला गेला. पुढे आरमाराला माणसं कमी पडू लागली तशी रक्कम नावापुरती राहिली आणि जबरदस्ती खरी झाली. बंदरातल्या गल्ल्यांतून धडधाकट खलाशी उचलून नेणाऱ्या टोळ्यांना 'प्रेस गँग' म्हणत. अमेरिकन जहाजांवरूनही ब्रिटिशांनी अशी माणसं उतरवून घेतली, आणि १८१२ च्या ब्रिटन-अमेरिका युद्धामागे जी कारणं होती त्यात हे एक होतं.

माणसं जबरदस्तीने नेतात म्हटल्यावर लोकांच्या तोंडी 'प्रेस्त' चा 'प्रेस' होणं सोपंच होतं, दाबण्याशी अर्थ जुळतही होता. मोठे कोश मात्र आजही याची नोंद वेगळी करतात. तेव्हा उत्तरपत्रिकेत 'त्यांना सक्तीने आरमारात भरती केलं' असं लिहायला सांगा. हेच क्रियापद माणसांऐवजी वस्तूंबद्दल आलं, म्हणजे जुनी बस किंवा शाळेची इमारत निकडीला वापरात घेतली असं, तर 'कामाला जुंपली' हे मराठीत चपखल बसतं.