डीएफ म्हणतं भरली, डीयू म्हणतं निम्मी रिकामी

प्रश्न : मी सोलापुरात बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा एक क्लास केला, कमांड्स पाठ आहेत. पुण्यात सर्व्हर सपोर्टच्या मुलाखतीत डीएफ आणि डीयू या डिस्कची जागा सांगणाऱ्या कमांड्सवर विचारलं, ‘डीएफ सांगतं डिस्क शंभर टक्के भरली, डीयूने मोजलं तर निम्मीच भरते. काय करशील?’ मी म्हणाले, ‘सर्व्हर रीस्टार्ट करीन.’ मुलाखत तिथंच संपली. आता दुसरा क्लास साठ हजार मागतोय, सर्टिफिकेटची हमी देतो. वडील पॉवरलूमवर जॉबर आहेत, माग दुरुस्त करतात. पैसे भरावेत, की डेव्हलपमेंटकडे वळावं? आईला रात्रपाळीचीही काळजी वाटते.
– एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : साठ हजार आत्ता भरू नकोस. का ते पुढे सांगते, आधी तो प्रश्न.

गंमत म्हणजे तुझ्या उत्तराने जागा बहुधा मोकळी झालीही असती. लिनक्समध्ये फाइल पुसली की तिचं नाव जातं, पण एखादा प्रोग्राम ती उघडून बसला असेल तर तिची जागा तो सोडेपर्यंत अडकून राहते. डीयू नावं धरून मोजतं, डीएफ फाइल सिस्टिमचा हिशेब सांगतं, म्हणून दोघांचे आकडे जुळत नाहीत. बहुतेक वेळा कुणीतरी फुगलेली लॉग फाइल, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदींची फाइल, घाईघाईत आरएम या पुसायच्या कमांडने उडवलेली असते. एलएसओएफ या उघड्या फायली दाखवणाऱ्या कमांडला ‘पुसलेल्या पण अजून उघड्या’ फायली विचारल्या की कुणी धरून ठेवलंय ते कळतं. मग तेवढीच एक सर्व्हिस रीस्टार्ट करायची, आणि जुने लॉग आपोआप आवरणारं लॉगरोटेट का चाललं नाही ते शोधायचं. तू मात्र अख्खा सर्व्हर पाडला असतास, त्यावर काम करणारी सगळी माणसं खोळंबली असती, आणि दुखणं कळलंच नसतं म्हणून पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

याच प्रश्नाचं एक भावंड आहे, तेही तयार ठेव. डीएफ भरपूर जागा दाखवतं आणि तरी ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ येतं. तिथं आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलमागे लागणाऱ्या नोंदीच्या जागा, संपलेले असतात, कुठल्यातरी फोल्डरमध्ये लाखो चिटुकल्या फायली साचलेल्या असतात. डीएफला ‘आय’ लावून बघायचं.

मुलाखत घेणाऱ्याला कमांड नकोच होती, तू कुठून सुरुवात करतेस ते बघायचं होतं. हे शिकवणारा माणूस तुझ्या घरातच आहे. मागावर धागा सारखा तुटायला लागला की तुझे वडील लगेच पाना उचलतात का? आधी बघत असतील : एकाच जागी तुटतोय की कुठंही, याच मागावर की शेजारच्याही, ताण्याचा बीम कालच बदलला होता का. सर्व्हरपुढे बसल्यावर हेच तीन प्रश्न, त्यात सर्वांत महत्त्वाचा शेवटचा. काल चालत होतं ते आज बंद पडलं तर मध्ये काय बदललं?

दुसरी गोष्ट, एरर मेसेज नीट वाचायची सवय. हे फार कमी मुलं करतात. दुरून सर्व्हरमध्ये शिरायला एसएसएच वापरतात. ‘एसएसएच लागत नाही’ अशी तक्रार आली तर त्यात तीन वेगळे आजार असू शकतात. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे साधारणपणे मशीनपर्यंत पोचलीस, पण त्या पोर्टवर, म्हणजे त्या क्रमांकाच्या दारावर, कुणी ऐकत नाही. सर्व्हिस पडली असेल किंवा पोर्ट बदललं असेल. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे पलीकडून उत्तरच नाही. मशीन बंद, पत्ता चुकीचा, नाहीतर वाटेत फायरवॉल पॅकेट गिळतेय. आणि ‘परमिशन डिनाइड’ म्हणजे दारापर्यंत सगळं ठीक, ओळख पटली नाही. पासवर्डऐवजी किल्लीची फाइल वापरत असशील तर सर्व्हरवरच्या किल्लीच्या फायलींचे हक्क बघ : डॉट-एसएसएच फोल्डरला 700, ऑथराइज्ड कीजला 600, म्हणजे फक्त मालकालाच हक्क. हे सैल असले की एसएसएच किल्ली मानतच नाही. मुलाखतीत नुसतं ‘आधी मेसेज कोणता आला ते विचारीन’ म्हणालीस तरी समोरचा खुर्चीत सरसावून बसेल.

लोड अ‍ॅव्हरेजवरही, म्हणजे सरासरी किती प्रोसेस कामाला किंवा रांगेत आहेत त्या आकड्यावरही, प्रश्न येतो. सीपीयू निवांत आणि लोड 20 असेल तर गोंधळू नकोस. लिनक्स त्यात डिस्कची वाट बघत अडकलेल्या प्रोसेसही धरतो. एखादी सर्व्हिस रात्री आपोआप मेली आणि तिच्या स्वतःच्या लॉगमध्ये काहीच नसेल, तर कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग उघड. मेमरी संपल्यावर कर्नल स्वतःच एखादी प्रोसेस मारतो आणि तशी नोंद ठेवतो. आणि कुठल्याही प्रश्नावर ‘चमोड 777’, म्हणजे सगळ्यांना सगळे हक्क देऊन टाक, हे उत्तर देऊ नकोस. तुला नापास करायला ते एकटं पुरेसं आहे.

आता क्लासचं. रेड हॅट या लिनक्स कंपनीची आरएचसीएसए परीक्षा चांगली आहे, पण ती पाठांतराची नाही. तुला मशीन देतात, कामं देतात. केलेली सेटिंग्ज रीबूटनंतरही टिकावी लागतात, नाहीतर गुण नाहीत. सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं. अशा परीक्षेची ‘हमी’ कोण कशी देणार? हमीचा शब्द ऐकला की मी तरी पाकीट खिशात ठेवते.

त्याऐवजी लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स टाक, त्यात लॅपटॉपच्या आत आभासी मशीन्स चालतात. त्यात रॉकी लिनक्स किंवा उबंटू सर्व्हर या लिनक्सच्या प्रकारांची दोन मशीन्स उभी कर. सगळं फुकट आहे. सेंटओएस 7 या लिनक्सच्या जुन्या आवृत्तीवर शिकवणारे जुने व्हिडिओ बघून ते बसवू नकोस, त्याचा सपोर्ट जून 2024 मध्ये संपला. स्नॅपशॉट घे, म्हणजे मागच्या स्थितीला परतता येईल, आणि मग मशीन मोड. डिस्क भर, एफएसटॅब या सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या ते सांगणाऱ्या फाइलमध्ये चुकीची ओळ टाकून रीबूट कर, एसएसएचच्या कॉन्फिगमध्ये एक अक्षर बिघडव. सगळ्यांत चांगलं म्हणजे वर्गातल्या मैत्रिणीला मोडायला सांग, काय मोडलं ते तिने सांगायचं नाही. प्रत्येक वेळी वहीत लिही : काय दिसलं, मला काय वाटलं, काय तपासलं, खरं कारण काय निघालं. ‘मला वाटलं’ आणि ‘निघालं’ यात फरक पडला त्या नोंदी मुलाखतीत सांगायच्या. चार-सहा महिने हे करून मग परीक्षेचीच फी भर. तोवर कॉलेजच्या लॅब असिस्टंटच्या मागे लागून तिथल्या मशीन्सवर हात साफ करता आला तर कर.

डेव्हलपमेंट? एका मुलाखतीवरून रस्ता बदलायचा नसतो. मोडलेलं शोधताना तुला वेळेचं भान राहत नसेल तर इथेच थांब, कंटाळा येत असेल तर खुशाल वळ. बॅश, म्हणजे कमांड्सची स्क्रिप्ट लिहिणं, आणि थोडं पायथन मात्र दोन्हीकडे लागेल. नुसत्या हाताने सर्व्हर सांभाळणारी पदं कमी होत चाललीत, ऑटोमेशन येणाऱ्यालाच पुढे क्लाउडची, डेव्हऑप्सची (डेव्हलपमेंट आणि सर्व्हर यांना जोडणारी) कामं मिळतात.

आईची काळजी रास्त आहे. सुरुवातीच्या सपोर्टच्या नोकऱ्यांत पाळ्या असतातच, हे आईपासून लपवू नकोस. पण महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, आणि सुरक्षिततेची व घराच्या दारापर्यंत सोडण्याची सोय कंपनीने करायची असते. ऑफर हातात आली की एचआरला दोन गोष्टी ईमेलवर विचार : कॅब कुठपर्यंत येते, आणि पाळी नसताना ऑन-कॉल, म्हणजे फोन आला की काम करायचं, महिन्यातून किती वेळा. उत्तर आलं की तो मेल आईला वाचून दाखव.