अमेरिकेच्या आइस डान्समागे हात कुणाचे?

तुमचा प्रश्न असा: आइस डान्स, म्हणजे स्केट घालून बर्फावर जोडीने करायचं नृत्य, त्यातल्या अमेरिकन जोड्यांचे प्रशिक्षक बहुतेक रशियन, नाहीतर इतर परदेशी. मग त्या पदकांना अमेरिकेचं यश म्हणायचं का?

माझ्या मते नक्की म्हणायचं. पण हे प्रशिक्षक आले नसते तर ती पदकं दिसली नसती, हेही मोकळेपणाने मान्य करायला हवं.

मी मिशिगनमध्ये राहते, डेट्रॉइटच्या पश्चिमेला. या खेळाची पंढरी म्हणावी असा हा भाग आहे. आइस डान्स ऑलिंपिकमध्ये आला १९७६ साली, इन्सब्रुकला, आणि त्याच वेळी कोलीन ओ'कॉनर आणि जिम मिल्न्स यांनी अमेरिकेसाठी कांस्य जिंकलं. पुढचं पदक थेट २००६ मध्ये! मधे १९८४ ला ज्युडी ब्लमबर्ग आणि मायकल सायबर्ट यांचं कांस्य थोडक्यात हुकलं. 'शेहेरझाद' या वाद्यरचनेचं संगीत नृत्याला साजेसं नाही, असं ठरवून इटलीच्या परीक्षकाने त्यांना कमी गुण दिले होते. ते संगीत लक्षात ठेवा.

१९९० मध्ये सोव्हिएत स्केटर्सचा एक चमू अमेरिकेच्या दौऱ्यावर आला आणि त्यातले काही जण परत गेलेच नाहीत. त्यात इगोर श्पिलबँड होते, १९८३ चे ज्युनियर जगज्जेते. ते डेट्रॉइटला स्थिरावले आणि शिकवू लागले. पुढे मरिना झुएवा या रशियन प्रशिक्षिका त्यांना येऊन मिळाल्या. २००६ ला तुरिनमध्ये टॅनिथ बेल्बिन आणि बेन अगोस्तो यांनी रौप्य जिंकलं, ते याच शाळेत घडून.

त्यांनी आणलं काय? लोक म्हणतात 'रशियन शैली', बॅले, हातांची नजाकत. मला तो भाग दुय्यम वाटतो. माझी मुलगी लहान असताना इथल्या एका रिंकवर शिकायची. तिच्या शिक्षिका रशियातून आलेल्या. स्केटच्या पात्याला खालून खाच असते, म्हणून त्याला दोन धारा. एका धारेवर कललात तर बर्फावर एकच रेघ उमटते, सपाट गेलात तर दोन. त्या बाई मुलीला अर्धवर्तुळ काढायला लावायच्या, मग स्वतः वाकून रेघा बघायच्या. दोन दिसल्या की एकच शब्द, "गुडघा!" आणि पुन्हा पहिल्यापासून. तासभर हेच. आइस डान्समध्ये जोडीदाराला डोक्यावर उचलायचं नसतं, हवेत फेकायचं नसतं, मोठ्या उड्या नसतात. उरतं ते पायांचं काम आणि दोघांमधलं अंतर. तो पाया इतक्या चिकाटीने घालून घेणारी माणसं इथे आली, आणि त्यांना भेटली लहानपणापासून एकत्र स्केटिंग करणारी मिशिगनची मुलं. मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट यांची जोडी १९९७ पासूनची, दोघं तेव्हा जेमतेम नऊ-दहा वर्षांची होती.

२००९-१० च्या मोसमात स्पर्धेच्या एका फेरीला लोकनृत्याचा विषय होता. या जोडीने हिंदी चित्रपटगीतं निवडली, त्यात 'देवदास'मधलं 'डोला रे डोला', म्हणजे आपल्या माधुरीचं गाणं. इथल्याच एका भारतीय नृत्यशिक्षिकेकडून त्यांनी धडे घेतले. मुद्रा, मान, नजर, सगळं बर्फावर, तेही श्पिलबँड आणि झुएवा या रशियन प्रशिक्षकांच्या हाताखाली. आम्ही टीव्हीसमोर उभे राहून टाळ्या वाजवल्या होत्या. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये त्यांना रौप्य मिळालं, आणि सुवर्ण मिळालं टेसा व्हर्च्यू आणि स्कॉट मोइर या कॅनडाच्या जोडीला. ती जोडीही सराव करायची इथेच, मिशिगनमधल्या कँटनच्या आर्क्टिक एज रिंकमध्ये, त्याच दोन प्रशिक्षकांकडे.

२०११ ची जागतिक स्पर्धा जपानमधल्या भूकंपामुळे टोकियोहून मॉस्कोला हलवली होती. तिथे डेव्हिस-व्हाइट पहिले, व्हर्च्यू-मोइर दुसरे, अमेरिकेची शिबुतानी भावंडं तिसरी. तिन्ही जोड्या कँटनच्या. ज्या मॉस्कोतून ही विद्या निघाली, तिथेच. आइस डान्समधलं अमेरिकेचं ते पहिलं जागतिक विजेतेपद.

पुढच्याच वर्षी दोन्ही प्रशिक्षक वेगळे झाले. डेव्हिस-व्हाइट झुएवांकडे राहिले आणि २०१४ ला सोचीमध्ये १९५.५२ गुणांचा तेव्हाचा विक्रम करून सुवर्ण जिंकले. संगीत होतं 'शेहेरझाद'. तीस वर्षांपूर्वी ज्यावर आक्षेप घेतला होता, तेच.

हल्ली ओघ कॅनडातल्या मॉन्ट्रियलकडे आहे. मॅडिसन चॉक आणि इव्हान बेट्स २०१८ मध्ये मारी-फ्रान्स दुब्रुय आणि पॅट्रिस लोझों या तिथल्या कॅनेडियन प्रशिक्षकांकडे गेले आणि २०२३, २०२४, २०२५ अशी सलग तीन जागतिक विजेतेपदं जिंकली. म्हणजे परदेशी हात आजही आहेच. पण एक गोष्ट बदलली. २०२२ मध्ये चार्ली व्हाइट, टॅनिथ बेल्बिन आणि त्यांच्यासारखेच माजी स्केटर ग्रेग झ्युरलाइन यांनी स्वतःची अकादमी काढली, आणि काढली ती कँटनमध्येच. तिथली मुलं आता श्पिलबँडच्या विद्यार्थ्यांकडून शिकतात.